तिसरे आठ तास

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही संपांचा इतिहास सांगू, अशी त्यांची अपेक्षा असावी. तो आम्हांला येतो, आणि आमच्याच तोंडून ऐकून ऐकून तुमच्यापैकी पुष्कळांना तो पाठही झाला असेल. आज आम्ही एका शर्यतीचा इतिहास सांगणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्यांच्या फाटकाबाहेर. तेव्हा पंडिताचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु कामाचे तास मोजण्यात आमची तीस वर्षे गेली आहेत, आणि ही शर्यत अखेर तासांचीच आहे.

एडवण कोठे आहे हे पालघरच्या श्रोत्यांना सांगायला नको. सफाळ्याला उतरून पश्चिमेस निघाले की हा गाव लागतो, पुढे समुद्र. तेथल्या एका मच्छीमार घरातला मुलगा बोईसरला, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात बॉयलरवर काम करतो. 2022 च्या पावसाळ्यात तो आमच्या कचेरीत आला. त्याला नोव्हेंबरात चार दिवसांची रजा हवी होती, आणि व्यवस्थापन ती देईना. कारण विचारले तर म्हणाला, गोव्याला जायचे आहे. तेथे समुद्रात पोहायचे, मग सायकल चालवायची, मग पळायचे, आणि हे सारे एका दमात. त्यासाठी पदरचे पैसे भरावे लागतात हेही त्याने सांगितले.

आम्ही हसलो. नुसते हसलो नाही, तर चार माणसांदेखत म्हणालो, “अरे, पाळीत आठ तास उभा असतोस ते पुरत नाही का? ही शेठ लोकांची चैन आहे.”

तो म्हणाला, “काका, ते आठ तास कंपनीचे. हे माझे.”

त्याच्या मागच्या भिंतीवर आम्हीच रंगवून घेतलेली घोषणा होती: आठ तास काम, आठ तास विश्रांती, आठ तास आपले. ही मागणी रॉबर्ट ओवेनने 1817 साली इंग्लंडात मांडली. 1886 मध्ये शिकागोच्या कामगारांनी तिच्यासाठी रक्त सांडले. पहिल्या आठांसाठी आम्ही भांडलो, दुसऱ्या आठांसाठीही भांडलो. तिसऱ्या आठांचे माणसाने काय करायचे, हा प्रश्न मात्र आम्ही स्वतःला कधी विचारला नव्हता. त्या दिवशी रात्री झोप लागली नाही. मग सवयीप्रमाणे आम्ही वाचायला घेतले.

ट्रायथलॉन नावाची ही शर्यत जुनी नाही. 25 सप्टेंबर 1974 रोजी, बुधवारी संध्याकाळी, अमेरिकेत सॅन डिएगो येथील मिशन बे या ठिकाणी तेथल्या धावपटूंच्या मंडळाने पळणे, सायकल आणि पोहणे यांची एकत्र शर्यत घेतली. सेहेचाळीस जण आले. लोक कामावरून सुटून आले असतील हे वारावरूनच दिसते. त्यांत जॉन कॉलिन्स नावाचे नौदलातले एक अधिकारी आणि त्यांच्या पत्नी ज्युडी हीं दोघे होती. पुढे त्यांची बदली हवाई बेटांत झाली. तेथे पोहणारा अधिक कणखर की धावणारा, असा वाद रंगला. वाद मिटवण्यासाठी कॉलिन्स यांनी बेटावर आधीपासून होत असलेल्या तीन निरनिराळ्या शर्यती एकमेकींना जोडून टाकल्या: 3.8 किलोमीटर पोहणे, 180 किलोमीटर सायकल आणि वर 42.2 किलोमीटरची मॅरेथॉन. म्हणजे या अंतरांमागे कोणतेही शास्त्र नाही. होते ते एकत्र केले, इतकेच. 18 फेब्रुवारी 1978 रोजी पंधरा जण पाण्यात उतरले, बारा जणांनी शर्यत पुरी केली. पहिला आलेला गॉर्डन हॅलर टॅक्सी चालवत असे. त्याला 11 तास 46 मिनिटे 58 सेकंद लागले. दुसऱ्याचे पाणी वाटेत संपले, तेव्हा त्याच्या सोबत्यांनी त्याला बियर पाजली असे सांगतात. शर्यतीला ‘आयर्नमॅन’ हे नाव पडले. लोहपुरुष म्हटले की आमच्या पिढीला सरदार पटेलच आठवतात, असो.

टॅक्सीवाला पहिला येतो आणि कोणी त्याला अडवत नाही, हे वाचून आम्ही थांबलो. कारण शंभर वर्षांपूर्वी त्याला अडवले असते.

आपण ‘हौशी’ म्हणतो तेव्हा पोटासाठी न करता आवडीने करणारा, एवढाच अर्थ आपल्या मनात असतो. हौशी नाटक मंडळी, हौशी गवई. इंग्रजांच्या ‘ॲमॅच्युअर’ शब्दाचा इतिहास इतका निरागस नाही. 1866 साली लंडनमध्ये ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लब निघाला. त्या काळच्या व्याख्येप्रमाणे हौशी म्हणजे ‘जंटलमन’: पैशासाठी न धावलेला, खेळ शिकवून पैसे न घेतलेला, आणि — इकडे लक्ष द्यावे — जो यांत्रिक, कारागीर किंवा मजूर नाही असा. धावण्याच्या शर्यतींतून ही अट 1880 मध्ये गेली. हेन्लीच्या प्रसिद्ध नौकाशर्यतीने मात्र ती 1879 साली लेखी केली आणि 1937 पर्यंत सोडली नाही. मजुरीसाठी हातांनी काम करणारा किंवा पूर्वी कधी केलेला माणूस तेथे हौशी ठरत नसे. कारण काय, तर कष्टाने त्याचे स्नायू बळकट झालेले असतात. बिचाऱ्या सद्गृहस्थांवर अन्याय होईल! कामगार दुबळा म्हणून त्याला हिणवणारे लोक आम्ही पुष्कळ पाहिले. तो फार बळकट म्हणून त्याला फाटकाबाहेर ठेवणारे प्रथमच पाहिले.

1920 साली फिलाडेल्फियाच्या जॉन केली याला हेन्लीने प्रवेश नाकारला. त्याच्या क्लबाशी हेन्लीचे जुने भांडण होते, ते एक कारण. आणि दुसरे, तो पूर्वी गवंडीकाम करीत असे. त्याच उन्हाळ्यात केली बेल्जमला गेला आणि अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याने वल्हवण्याच्या शर्यतीत त्याने सुवर्णपदक घेतले. गंमत पाहा, त्याच ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकणारा फिनलंडचा हान्नेस कोलेहमायनेन हाही गवंडीच. आणि त्या मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा कोण आला? आपल्या बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले.

येथे आम्हांला एका गिरणीमालकाचे ऋण मान्य करावे लागते. जीभ थोडी अडखळते, पण सत्य ते सत्य. सर दोराबजी टाटा पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. 1919 मध्ये तेथल्या क्रीडामेळाव्यात शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावताना त्यांनी पाहिली आणि त्यांच्या वेळा युरोपातल्या चांगल्या धावपटूंच्या जवळपास जातात हे हेरले. स्वतः पैसे घालून, इतरांकडून मिळवून, त्यांनी एक लहानसा संघ अँटवर्पला पाठवला. चौगुले यांनी मॅरेथॉन 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत पुरी केली. त्या वर्षीचे अंतर आजच्यापेक्षा जास्त, 42.75 किलोमीटर होते, हे लक्षात घेतले तर ही वेळ आजही कोणा हौशी धावपटूला लाज आणणारी नाही.

ही धाव 22 ऑगस्ट 1920 ची. त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईच्या गिरणी कामगारांनी मोठा संप केला होता आणि गिरण्यांतला दिवस दहा तासांवर आणला होता. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत आयटक स्थापन झाली. या तीन गोष्टी एकाच वर्षात घडल्या हा योगायोग असेल. त्यांना दोरीने बांधून सिद्धान्त काढण्याची आमची इच्छा नाही. परंतु दहा तासांच्या गिरणीतून बाहेर पडलेला माणूस मॅरेथॉनचा सराव केव्हा करणार होता? चौगुले यांच्या शेजारी परळचा एखादा गिरणी कामगार का धावला नाही, याचे उत्तर त्याच्या पायांत शोधण्याचे कारण नाही.

त्याला निदान रविवार होता. तोही फुकट मिळाला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून गिरणी कामगारांना एकत्र केले. 1890 च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला हजारो कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या. आणि 10 जून 1890 रोजी मालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. आज मुंबईची मॅरेथॉन रविवारी असते, वसईची रविवारी असते, गोव्याची शर्यतही रविवारीच. हजारो लोक पहाटे बूट बांधतात. लोखंडे यांचे नाव त्यांतल्या कितींना ठाऊक असेल?

आता गोवा. तेथे ही शर्यत प्रथम 20 ऑक्टोबर 2019 रोजी झाली. ती पूर्ण अंतराची नसून निम्म्याची. 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल, 21.1 किलोमीटर धावणे, आणि सर्वांना मिळून मुदत साडेआठ तास. पाळीपेक्षा अर्धा तास जास्त! मग महामारीने दोन वर्षे खंड पडला आणि 13 नोव्हेंबर 2022 ला ती पुन्हा झाली. आमच्या मुलाने रजा कशी मिळवली? दोघा सोबत्यांनी त्याच्या पाळ्या उचलल्या. आम्ही पत्र दिले नव्हते. मात्र रविवारी मिरामारच्या वाळूत पहाटे आम्ही उभे होतो. कोणाला न सांगता रात्रीच्या गाडीने गेलो होतो.

पोहण्याची त्याला भीती नव्हती. एडवणला भांगाच्या दिवसांत, पाण्याला ओढ कमी असताना, तो सराव करी. त्याच्या आईला ते मुळीच पसंत नव्हते. समुद्रात माणूस मासळीसाठी जातो, उगाच हात मारायला कोण जातो, असे तिचे म्हणणे. दंडावर शाईने नंबर, घोट्याला वेळ मोजणारा पट्टा. त्याने सांगितले की पहिल्या दोनशे मीटरांत कोणाची टाच तोंडावर बसली, नाकातोंडात पाणी गेले, आणि लहानपणापासून ओळखीचा समुद्र क्षणभर परका वाटला. मग त्याने मोजायला सुरुवात केली, होडीत वल्हे मोजतात तसे. चव्वेचाळीस मिनिटांत तो बाहेर आला.

बाहेर येऊन कपडे बदलायचे, बूट घालायचे, सायकल घ्यायची. तो वेळही शर्यतीच्या वेळेत धरतात, हे ऐकून आम्हांला हसू आले. कपडे बदलण्याचा वेळ कामाच्या वेळेत धरावा ही आमची फार जुनी मागणी. ती येथे पोहणाऱ्यांच्या विरुद्ध मान्य झाली आहे.

सायकल त्याने दुसऱ्याने वापरलेली, हप्त्यांनी घेतलेली. शेजारून लाखो रुपयांच्या सायकली सूं करून जात. त्याला वाईट वाटले का, असे आम्ही नंतर विचारले. म्हणाला, चढावर सगळ्यांची सारखीच धाप लागते, उतारावर पैसा दिसतो. फेऱ्याफेऱ्यांचा रस्ता, आम्ही एका वळणावर उभे राहून त्याचा नंबर शोधत होतो. दुसऱ्या फेरीत त्याने आम्हांला पाहिले. चेहऱ्यावरून ओळख पटली नसावी असे वाटले, पण पुढच्या फेरीत तो ओरडला, “काका, टोपी घाला, ऊन आहे!” त्या 90 किलोमीटरांना 3 तास 58 मिनिटे लागली.

खरी परीक्षा त्यानंतर. सायकलवरून उतरल्यावर पाय आपले राहत नाहीत. तो म्हणे, पाय अजून पेडलच मारत होते आणि जमीन मागे सरकत नव्हती. डोक्यावर दुपार. बॉयलरजवळ काम करणाऱ्याला उन्हाची तमा नसावी अशी आमची समजूत. त्याने ती दुरुस्त केली. बॉयलरची धग एका अंगाने येते, माणूस पाठ फिरवू शकतो. येथे पाठ कोठे फिरवणार? आठव्या किलोमीटरला पोटात कळ आली आणि तो चालू लागला. शेजारून पुण्याकडचे एक वयस्क डॉक्टर चालत होते. त्यांनी खिशातली मिठाची गोळी काढून दिली आणि विचारले, “काय करता आपण?” तो म्हणाला, “बॉयलरवर आहे.” डॉक्टर म्हणाले, “मग आज मी तुमच्या मागे चालतो.” दोघे तीन किलोमीटर बरोबर गेले, मग डॉक्टरांनी त्याला पुढे हाकलले. हेन्लीच्या त्या कलमाची आम्हांला तेव्हा आठवण झाली होती असे सांगितले तर ते खोटे होईल. तेव्हा आम्ही फक्त घड्याळ पाहत होतो.

धावण्याला 2 तास 54 मिनिटे, दोन वेळा कपडे-बूट बदलण्याला मिळून सोळा मिनिटे. एकूण 7 तास 52 मिनिटे. शेवटच्या कमानीखाली तो थांबला नाही, तसाच चालत पुढे गेला आणि वाळूत बसला. गळ्यात पदक होते. आम्ही जवळ गेलो तेव्हा तो म्हणाला, “आठ मिनिटे वाचली.” साडेआठाच्या मुदतीतून अडतीस मिनिटे वाचली होती, असे आम्ही सांगणार होतो. मग कळले की तो पाळीच्या हिशेबाने बोलत होता.

श्रोतेहो, या शर्यतीचे आम्ही भाट झालो आहोत असे समजू नका. प्रवेशाची फी, सायकल, बूट, प्रवास यांची बेरीज केली तर साध्या कामगाराचे कित्येक महिने जातात. हेन्लीने नियमाने जे केले ते बाजार किमतीने करतो, एवढाच फरक. युरोपातल्या कामगार संघटनांनी या गोष्टीवर एके काळी स्वतःचा उपाय काढला होता: 1925 मध्ये फ्रँकफर्टला आणि 1931 मध्ये व्हिएन्नाला त्यांनी आपली वेगळी कामगार ऑलिंपिके भरवली. आम्ही मात्र इतक्या वर्षांत एका सायकल शर्यतीपलीकडे गेलो नाही, आणि तीही दोन वर्षांत बंद पडली. पैसे कमी होते हे खरे. त्याहून खरे हे की कोणाला ते महत्त्वाचे वाटले नाही, आम्हांलाही नाही.

मंगळवारी तो पहिल्या पाळीवर हजर होता. महिन्याभराने पुन्हा कचेरीत आला. पुढच्या वर्षीही जायचे होते. रजेच्या अर्जाचा कोरा कागद त्याने टेबलावर ठेवला आणि विचारले, कारण काय लिहू? गेल्या खेपेस त्याने ‘घरगुती कारण’ असे लिहिले होते. आम्ही पेन घेतले, ‘शर्यत’ असे लिहिले, आणि संघटनेचे पत्र सोबत जोडले.