खुर्ची रुग्णाची, पाठ दंतवैद्याची

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये दात उपटणारे रुग्णाला सरळ जमिनीवर बसवत आणि त्याचं डोकं गुडघ्यांत धरून कामाला लागत. पॅरिसचा दंतवैद्य प्येर फोशार या पद्धतीवर तुटून पडला. रुग्णाला भक्कम खुर्चीतच बसवावं, असं त्यानं १७२८च्या आपल्या ग्रंथात बजावलं. रुग्ण खुर्चीत बसला. दंतवैद्य मात्र तिच्याशेजारी जो उभा राहिला, तो जवळजवळ सव्वादोनशे वर्षं.

पुढच्या सुधारणाही खुर्चीच्याच वाट्याला आल्या. बोस्टनच्या जोसाया फ्लॅगनं १७९०च्या सुमारास साध्या लाकडी खुर्चीला डोकं टेकवायला वरखाली होणारा आधार जोडला आणि तिचा हात हत्यारं ठेवण्यापुरता रुंद केला. लंडनच्या जेम्स स्नेलनं १८३२मध्ये मागे कलणारी खुर्ची बनवली, तर १८७७मध्ये हायड्रॉलिक खुर्ची आली. रुग्णाच्या मानेची सोय झाली. त्याच्यावर ओणवं होणाऱ्याची मान कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

उलट एका शोधानं दंतवैद्याच्या हालांत भरच घातली. अमेरिकेतल्या जेम्स मॉरिसननं १८७१मध्ये पायानं चालवायच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. शिलाई मशिनसारखाच पायटा, फक्त तो उभ्यानं मारायचा. एका पायावर सगळा भार, दुसरा पाय सतत हलता, कंबर एका अंगाला कललेली. आणि हातातलं टोक मात्र किडलेल्या दाढेवरून केसभरही सरकता कामा नये! पुढे वीज आली, पायाला विसावा मिळाला, पण उभं राहणं काही सुटलं नाही. १९४६मध्ये अभ्यासक बिलर यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ६५ टक्के दंतवैद्यांनी पाठदुखीची तक्रार सांगितली.

चित्र पालटलं ते हवेवर फिरणाऱ्या टर्बाइनमुळे. जॉन बोर्डन यांचा एअरोटर १९५७मध्ये बाजारात आला आणि ड्रिलच्या फेऱ्या मिनिटाला तीन लाखांपर्यंत गेल्या. एवढ्या वेगात दात तापतो, म्हणून पाण्याचा फवारा हवा. पाणी ओढायला सक्शन हवं. आणि सक्शन धरायला आणखी कुणीतरी हवं. १९५८मध्ये पूर्ण आडवी होणारी खुर्चीही आली. साठच्या दशकात अमेरिकेत रुग्ण आडवा, डॉक्टर स्टुलावर आणि समोर असिस्टंट अशी ‘चार हातांची’ पद्धत रुळली.

डॉक्टर एकदाचे बसले, पण दुखणं गेलं नाही. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, निरनिराळ्या अभ्यासांत दंतवैद्यांसह या क्षेत्रात काम करणाऱ्या ६४ ते ९३ टक्के लोकांना स्नायू किंवा सांध्यांचं दुखणं असल्याचं आढळलं. कारण उघड आहे. वरच्या शेवटच्या दाढेची आतली बाजू आरशात पाहायची सोडून डॉक्टर मान वाकडी करून थेट डोकावतात. कोपर उचललेलं, खांदे आखडलेले. रूट कॅनालला तर बराच वेळ हेच आसन. हालचाल नसते, म्हणून स्नायूंना सैल व्हायला उसंत मिळत नाही. स्केलिंगमध्ये, म्हणजे दातांवरचा थर खरवडताना, बारीक हत्यार चिमटीत घट्ट धरून बोटं आणि मनगट भरून येतात, ते वेगळंच. छोट्या क्लिनिकात असिस्टंट नसला, तर सक्शनही डॉक्टरांच्याच डाव्या हातात येतं आणि आरसा बाजूला पडतो.

आता घोड्याच्या खोगिरासारखी बैठक असलेली स्टुलं मिळतात. त्यांवर मांड्या खाली उतरत्या राहतात आणि कमरेचा नैसर्गिक बाक टिकतो. डोळ्यांवर चढवायच्या लूप्समध्ये भिंगं खाली कललेली असतात, म्हणजे नजर झुकते आणि मान बरीचशी सरळ राहते. मात्र लूप्स त्या-त्या डॉक्टरच्या मापानं बेतावे लागतात. भिंगांचा कोन चुकला, तर मान आणखीच वाकते.