दादरचे रुंद रस्ते

मंडळाच्या कार्यक्रमात दोन मुंबईकर भेटले की गप्पा फिरून फिरून दादरला येतात. हिंदू कॉलनीतल्या सावलीच्या गल्ल्या, फाइव्ह गार्डन्स! ही मोकळी हवा आपल्याला प्लेगने दिली, हे मला मात्र परदेशात शिकायला आल्यावर इथल्या ग्रंथालयात कळले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. गोदीजवळची दाट वस्ती, धान्याची कोठारे आणि उंदीर. पण पिसवांचा संबंध तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता. दोष दिला गेला घाणीला आणि कोंदट हवेला. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी साथरोग कायदा आला (हाच कायदा २०२० मध्ये कोरोनासाठी पुन्हा बाहेर निघाला). पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरोघर घेतलेल्या झडत्या आणि २२ जूनला रँडवर झाडलेली गोळी आपण शाळेत शिकलोच आहोत.

मुंबईत १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने दाट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड काढले आणि उत्तरेला दादर-माटुंग्याची आखणी केली. पण ज्यांची घरे पडली, त्यांतल्या फार थोड्यांना तिथले भाडे परवडले. तिथे आले ते कारकून, शिक्षक, वकील. म्हणजे आपलेच आजोबा! माझ्या आजोबांनीही तिथेच बिऱ्हाड थाटले. मांडवीतली माणसे कुठे गेली, हा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही.