मुक्या अक्षरांचा इतिहास

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला 'नाइट' म्हणजे सरदार, हा अर्थ चटकन कळतो. तो अडतो अक्षरांपाशी. आरंभी 'के' लिहायचा, पण उच्चारायचा नाही. तो विचारतो, "मग लिहायचा कशाला?" गुरुजी म्हणतात, "पाठ कर." खरे उत्तर इतिहासात आहे.

चौदाव्या शतकात, चॉसर कवीच्या काळी, हा 'के' स्पष्ट उच्चारला जाई. मधला 'जीएच'ही घशातून घासून निघे. 'नेम' हा शब्द तेव्हा आपल्या 'नाम'च्या जवळचा ऐकू येई. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. त्याच काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर जागा सोडून सरकत होते. उच्चार पुढे गेले. छापखान्याने मात्र जुने लेखन हळूहळू पक्के केले.

१९६१ मध्ये जेम्स पिटमन यांच्या ४४ चिन्हांच्या वर्णमालेचा प्रयोग इंग्लंडमधील शाळांत सुरू झाला. आरंभी मुले भराभर वाचू लागली. पण नेहमीच्या लेखनाकडे वळताना अनेकांना ठेच लागली. प्रयोग मागे पडला.

तरीही मुकी अक्षरे सर्वस्वी निरुपयोगी नाहीत. 'साइन'मधला मुका 'जी' 'सिग्नेचर'मध्ये बोलतो आणि दोन शब्दांचे नाते डोळ्यांना दिसते. जाणत्या वाचकाची ही सोय; तिची किंमत मात्र लहान मुले भरतात. तेव्हा, श्रोतेहो, 'के' विसरणाऱ्या मुलाला मठ्ठ म्हणण्यापूर्वी त्याला ही हकीकत सांगावी. त्याचा कान खोटे बोलत नाही. अक्षरेच मागे राहिली आहेत.