काल्यापासून हंडीपर्यंत

गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशीं ठाण्यांत जो खेळ रंगतो, त्याचा इतिहास अलीकडे लोक फुटांत मोजूं लागले आहेत. १० ऑगस्ट २०१२ रोजीं जोगेश्वरीच्या जय जवान पथकानें येथें नऊ थर रचले व ४३.७९ फुटांचा तो मनोरा गिनीजच्या ग्रंथांत नोंदला गेला. २०२५ सालीं याच शहरांत दहा थरही उभे राहिले. या आंकड्यांचा अभिमान वाटणें स्वाभाविक आहे. परंतु उंची हें या खेळाचें फळ होय, मूळ नव्हे.

मूळ पाहावयाचें तर ‘हंडी’ हा शब्द क्षणभर बाजूस ठेवून ‘काला’ या जुन्या शब्दाकडे वळलें पाहिजे. पंढरीच्या आषाढी यात्रेची समाप्ति पौर्णिमेस गोपाळपुरच्या काल्यानें होते. गांवोगांवच्या सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनानें. काला म्हणजे मिसळण. ज्याच्या त्याच्या शिदोरींतील दहीं, पोहे, लाह्या एकत्र कालविल्या कीं कोणता घांस कोणाच्या घरचा हें ओळखतां येत नाहीं. येथें एक गंमत सांगण्याजोगी आहे. भागवताच्या दशमस्कंधांत गोपी यशोदेकडे गाऱ्हाणें नेतात, त्यांत शिंक्यापर्यंत हात पोंचावा म्हणून कृष्ण पाट, उखळ वगैरे रचतो असें वर्णन आहे. सवंगड्यांच्या खांद्यांचें तेथें नांवही नाहीं. ते खांदे पुढें लोकांनीं घातले, आणि माझ्या मतें मूळ कथेंत पडलेली ही सर्वांत सुंदर भर आहे.

त्या खांद्यांकडे जरा जवळून पाहावें. सराव बहुधा गुरुपौर्णिमेच्या सुमारास, रात्रीं, दिवसाचीं कामें आटोपल्यावर सुरू होतो. खालच्या थरांतील गडी तोंड आंत करून, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात गुंतवून, मान खालीं घालून उभा राहतो. वर काय चाललें आहे हें त्याला दिसत नाहीं. कुतूहलानें मान वर करणें हा तर त्याच्या लेखीं अपराधच. तो ऐकतो: प्रशिक्षकाची हांक, आणि त्याहूनही जवळचा असा शेजाऱ्याचा श्वास. शिखरावरचा एक्का ज्याच्या भरंवशावर चढतो, त्याचें तोंडही त्याला दिसत नसतें.

स्पेनमधील कातालोनिया प्रांतांत असेच मानवी मनोरे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून रचले जात आहेत. युनेस्कोनें २०१० सालीं त्यांस मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशांत स्थान दिलें. तेथें ग्राल्या नांवाचें सनईसारखें वाद्य वाजतें, तें केवळ शोभेसाठीं नव्हे. मनोरा कोणत्या टप्प्यास आला हें तळच्या माणसांस सुरावरून कळतें. आमच्याकडे उलट प्रकार! ठाण्याच्या चौकांत ध्वनिक्षेपकांच्या भिंती अशा गर्जतात कीं प्रशिक्षकाची हांक पहिल्या थरापर्यंत पोंचणें कठीण. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानें २०१६ सालीं ध्वनिप्रदूषणासंबंधीं विस्तृत निर्णय दिला, त्याचा विचार रहिवाशांच्या कानांपुरताच झाला. गोविंदांच्या कानांचाही व्हावयास हवा होता.

न्यायालयांत जास्त वाद झाला तो उंचीचा आणि वयाचा. २०१४ सालीं उच्च न्यायालयानें वीस फुटांची व अठरा वर्षांची मर्यादा घातली. २०१७ मध्यें उंचीचा प्रश्न विधिमंडळावर सोपवून चौदा वर्षांखालील मुलांस मात्र मज्जाव कायम ठेवला. २०२२ सालीं शासनानें यास साहसी खेळाचा दर्जा दिला. मुलांविषयींचा निर्बंध मला सर्वथा योग्य वाटतो. बालकानें टाकलेला विश्वास हा त्याचा निर्णय नसतो.

हंडी न फोडतां नुसते थर लावून सलामी देण्याचीही पथकांत रीत आहे, कल्याण-डोंबिवलीपर्यंत ती सर्वत्र दिसते. मला तीच अधिक आवडते, कारण तींत प्रेक्षकाचें लक्ष उतरण्याकडेही जातें. कातालोनियांत मनोरा शिखरास पोंचला इतकेंच नव्हे, तर तो न कोसळतां उतरला कीं नाहीं याचीही वेगळी नोंद होते. आपल्याकडे मडकें फुटलें कीं टाळ्या होतात आणि गर्दी पांगूं लागते. तळचा गडी मात्र तसाच मान घालून उभा असतो. शेवटचा पाय खांद्यावरून निघेपर्यंत त्याला ती हांक ऐकूं यावी लागते.