इगतपुरीचा थांबा आणि तारेचा रोध

नाशिकहून मुंबईस जाणाऱ्या उतारूंस इगतपुरीचा दीर्घ थांबा कित्येक दशकें परिचित होता. एक एंजिन सुटे, दुसरें जोडलें जाई, आणि तेवढ्या अवकाशांत उतारूंचा चहा होई. हा वेळ रेल्वेच्या अनास्थेमुळें दवडला जातो, असें पुष्कळांचें मत असे. तरुणपणीं आमचेंही तेंच होतें. परंतु त्याचें खरें कारण पदार्थविज्ञानाच्या एका साध्या नियमांत आहे, आणि तो ध्यानीं घेतल्यास पूर्वींच्या एंजिनिअरांस लाविलेला बोल आपणांस परत घ्यावा लागेल.

हा नियम कोलोन येथील गेओर्ग ओम नांवाच्या शिक्षकानें १८२७ सालीं ग्रंथरूपानें मांडला. दाब वाढविला कीं प्रवाह त्याच प्रमाणांत वाढतो. तार मात्र त्यास अडविते. ही अडवणूक म्हणजे रोध. तार दुप्पट लांब केली तर रोध दुप्पट होतो, आणि तिच्या छेदाचें क्षेत्रफळ दुप्पट केलें तर तो निम्मा होतो. पदार्थागणिकही तो भिन्न असतो: लोखंडाचा तांब्याच्या सुमारें सहापट, तर शेगडींतील नायक्रोमचा सुमारें साठपट. धातूंतून धांवणारे इलेक्ट्रॉन त्यांतील कंप पावणाऱ्या अणूंमुळें वाट चुकतात आणि त्यांची शक्ति उष्णतेंत जाते. ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ओमचें कौतुक स्वदेशीं लवकर झालें नाहीं. लंडनच्या रॉयल सोसायटीचें कोप्ले पदक त्यास १८४१ सालीं मिळालें.

आतां घाटाकडे वळूं. जी. आय. पी. रेल्वेनें ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबई ते कुर्ला विजेची गाडी सुरू केली, आणि १९३० पर्यंत तारा थळघाट चढून इगतपुरीस पोहोंचल्या. तेथील चढण ३७ फुटांस एक फूट. वीज १,५०० व्होल्टांची, एकाच दिशेनें वाहणारी. समजा, १०० चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेंतून १,५०० किलोवॅट शक्ति पाठविली. प्रवाह १,००० अँपिअर होईल; एका किलोमीटरचा रोध ०.१७ ओम, म्हणजे त्या एका किलोमीटरांतच १७० किलोवॅट उष्णतेंत जातील. म्हणूनच तारा जाड हव्यात आणि वीजपुरवठ्याचीं ठाणीं जवळजवळ हवीं. तीच शक्ति २५,००० व्होल्टांवर पाठविल्यास प्रवाह ६० अँपिअर, आणि नाश अवघा सहाशें वॅटांच्या आसपास.

मग आरंभींच २५,००० व्होल्ट कां घेतले नाहींत? चढणीवर जोर लावण्यास त्या काळीं एकदिश प्रवाहाची मोटर उत्तम. गाडी सुरू करितांना मुद्दाम रोध जोडून प्रवाह आवरीत आणि वेग येतांच तो टप्प्याटप्प्यानें काढीत. म्हणजे तारेंतील वैरी एंजिनांत सेवक होता! उच्च दाब उतरविणारें रोहित्र उलटसुलट प्रवाहावरच चालतें, आणि त्या प्रवाहाचें एकदिश प्रवाहांत रूपांतर करणारें सोयीचें यंत्र एंजिनांत बसविण्याजोगें तेव्हां झालें नव्हतें. तें पुढें साधलें, आणि १९५७ सालीं भारतीय रेल्वेनें २५,००० व्होल्टांची पद्धति स्वीकारली. नाशिककडून ती आली, मुंबईकडून जुनी; दोघींची गांठ इगतपुरीस पडली, आणि थांबा जन्मास आला. २०१६ पर्यंत मुंबईकडील मार्गही नव्या दाबावर आले. या कारणास्तव एंजिन बदलण्याची गरज उरली नाहीं.

तांब्याचा रोध १९३० सालीं होता तेवढाच आजही आहे. त्यास कोणीं जिंकलें नाहीं; प्रवाह थोडा ठेवून त्याला चुकविण्याचें साधन तेवढें हातीं आलें. ज्यांच्या हातीं तें नव्हतें, त्यांनीं असलेल्या साधनांनीं थळघाट चढून दाखविला. पूर्वजांच्या कृतीचें मोल करितांना आपली सोय हें माप न धरितां त्यांची अडचण हें माप धरावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.