गोंदणावर गोंदण

शिरपूरच्या बाजारात सातपुड्याकडून येणाऱ्या भिल्ल आणि पावरा म्हाताऱ्यांच्या हातांवर, हनुवटीवर हिरवट गोंदण दिसतं. काजळी असते काळीच. कातडीखालून ती निळी-हिरवी दिसते. त्यांच्या नातवंडांची अडचण वेगळी. जत्रेत दहा मिनिटांत हातावर काढून घेतलेलं नाव पुढे नकोसं होतं आणि मग ते झाकायची धडपड सुरू होते.

ही धडपड जुनी आहे. बंगालमध्ये कंपनी सरकारने 1797 साली जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदायचा कायदा केला. त्याला नावही आपलंच दिलं, ‘गोदना’. ज्या कलेने बाया अंग सजवायच्या, तिचाच सरकारने शिक्का केला! कैदी फेटा भुवयांपर्यंत ओढत, कपाळावर केस वाढवत. 1849 साली ही शिक्षा रद्द झाली. झाकता येणार नाही अशी खूण शेवटी बोटांच्या ठशांत सापडली. 1897 साली कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. ठशांची वर्गवारी बसवण्यात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. नाव मात्र साहेबाचं झालं, हेन्री पद्धत.

आजचं झाकणं कसं चालतं? जुनी शाई निघत नाही. नवी शाई त्याच थरात भरली जाते. फिका रंग गडद रंगाला झाकत नाही, म्हणून नवी नक्षी जास्त काळी आणि दुप्पट-तिप्पट मोठी करावी लागते. बोटभर नावासाठी अर्धा हात जातो. आधी लेझरने जुनी शाई फिकी केली तर काम सोपं होतं, पण त्याला महिनोन्‌महिने फेऱ्या घालाव्या लागतात. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी तर हे नीट समजून घ्यावं. तिथे नियम जागेचा आहे. कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे गोंदण चालतं; आदिवासींच्या रूढीच्या गोंदणाला वेगळी सवलत आहे. मानेवरचं नाव झाकून तिथे गरुड काढला तरी भरतीत अडचण तीच.

आपल्या मोहल्ल्यांतही हा प्रश्न येतो. लहानपणी जत्रेत गोंदलेलं असतं, किंवा माणूस गोंदणासकटच इस्लाममध्ये आलेला असतो. हदीसमध्ये गोंदणारी आणि गोंदवून घेणारी, दोघींवर लानत आहे. त्यामुळे वर फुलाची नक्षी काढून घेणं हा मला उपाय वाटत नाही; ते दुसरं गोंदणच झालं. तेराव्या शतकातल्या इमाम नववींनी लिहून ठेवलंय की, काढताना इजा होण्याची भीती असेल तर काढणं बंधनकारक नाही, तौबा पुरेशी आहे. वुजूचं म्हणाल तर शाई कातडीच्या आत असते, पाणी वरून पोहोचतंच. तरीही काही बाया उन्हाळ्यातसुद्धा बाही मनगटापर्यंत ओढून बसतात.