अक्षता, नमुना ड आणि मुंबईची गाडी

स्वारगेट हे नावच चौकशीचं आहे. शहराच्या दक्षिण वेशीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना हटकणाऱ्या स्वारांची चौकी इथे होती, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. चौकी केव्हाच गेली. जेधे चौकात पूल आले, 2024च्या सप्टेंबरात जमिनीखालून मेट्रोही आली. एसटी स्थानकातून मुंबईकडे जाणाऱ्या शिवनेरीत मात्र आजही अधूनमधून असं कुणीतरी बसलेलं असतं, ज्याला दुसऱ्या वेशीवर उत्तरं द्यायची आहेत. मांडीवर फाइल असते. फाइलीत लग्नाचा दाखला, लग्नपत्रिका, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, अल्बममधून सोडवून घेतलेले फोटो. नवरा किंवा बायको अमेरिकेत असते आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मुलाखत असते. ती पार पडली, की तिकडे पाऊल ठेवल्यावर ग्रीन कार्ड मिळतं. मुलाखतीत मुळात एकच गोष्ट तपासायची असते: हे लग्न खरं आहे का?

मराठी मुलखात या प्रश्नाचं उत्तर पिढ्यानपिढ्या एका शब्दात दिलं जाई: चारचौघं. अंतरपाट दूर होतो, मंगलाष्टकं संपतात आणि मांडवातला प्रत्येक जण अक्षता टाकतो. ज्याने अक्षता टाकल्या तो साक्षीदार. सरकारने लग्नाची दखल घेतली ती कर म्हणून. मराठेशाहीच्या वसुलीत लग्नावर लग्नटका आणि पाटावर, म्हणजे बाईच्या दुसऱ्या लग्नावर, पाटदाम होता. कागदावर रक्कम यायची. लग्न झालं हे गाव सांगायचं, आणि गावाचा शब्द पुरायचा.

हा शब्द पुण्यातच पहिल्यांदा जोरात पारखला गेला. 25 डिसेंबर 1873 रोजी जोतीराव फुल्यांच्या पुढाकाराने सीताराम जबाजी आल्हाट आणि राधाबाई निंबणकर यांचं लग्न भटजीविना, सत्यशोधक पद्धतीने लागलं. पुढे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचं लग्न असंच लावलं, तेव्हा ग्रामजोशांनी त्यांना कोर्टात खेचलं. लग्न कशाने लागतं, मंत्रांनी की माणसांनी, हा वाद आता न्यायाधीशासमोर आला होता. पुण्यातल्या त्या पहिल्या लग्नाच्या आदल्याच वर्षी, 1872 साली, सरकारने नोंदणी पद्धतीच्या विवाहाचा कायदा केला होता. त्यात वधूवरांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती यांपैकी कुणीच नाही असं लिहून द्यावं लागे. अट जाचक होती. 1923मध्ये ती हिंदूंसाठी सैल झाली आणि 1954च्या विशेष विवाह कायद्याने पूर्ण गेली.

साध्या, वैदिक पद्धतीच्या लग्नाचा कागद 1872च्या त्या कायद्याहून बराच उशिरा आला. मुंबई राज्याने 1953 साली विवाह नोंदणीचा कायदा केला खरा, पण लोकांनी तो मनावर घेतला नाही. आत्ताचा महाराष्ट्राचा कायदा 1998चा. वधू-वर सूचक मंडळांचं नियमन आणि लग्नांची नोंदणी या दोन्ही गोष्टी त्या एकाच कायद्यात आहेत. स्थळ सुचवण्यापासून दाखल्यापर्यंतची वाट सरकारने एका दोरीत ओवली. 14 फेब्रुवारी 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व लग्नांची नोंदणी सक्तीची करायला राज्यांना सांगितलं. तेव्हा सक्ती असलेल्या मोजक्या राज्यांत महाराष्ट्र आधीपासून होता.

पुण्यात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात जो अर्ज भरतात त्याला ‘नमुना ड’ म्हणतात. त्यावर वर, वधू, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी यांच्या सह्या लागतात. चारचौघं कागदावर आली ती अशी. मांडवातल्या तीनशेंपैकी तिघं उरली, पण उरली.

अमेरिकेच्या वेशीवरची चौकशी सुरुवातीला अशी नव्हती. 1883मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला कोलकात्याहून निघून न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा व्हिसा नावाची वस्तूच नव्हती. नवरा भारतात, बायको एकटी परदेशात, आणि लग्नाचा दाखला कुणी मागितला नाही. दार बंद झालं ते 1917 साली, आशियातल्या मोठ्या पट्ट्यातून येणाऱ्यांना बंदी घालणाऱ्या कायद्याने. 1923मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणूस नागरिकत्वापुरता ‘गोरा’ ठरत नाही असा निकाल लागला आणि आधी मिळालेली नागरिकत्वंही काढून घेतली जाऊ लागली. लॉस एंजेलिसचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावर हीच पाळी आली. त्यांची बायको लिलियन गोरी अमेरिकन. नवऱ्याचं नागरिकत्व गेलं तर आपल्याशी लग्न केल्यापायी तिचंही जाईल, असा मुद्दा त्यांनी कोर्टात मांडला. 1926 साली अपील न्यायालयात ते जिंकले. एका लग्नाचा असा आधार दुसऱ्या कुणा हिंदी माणसाला क्वचितच मिळाला असेल.

1946मध्ये भारताला वर्षाला 100 जणांचा कोटा मिळाला. खरं दार उघडलं 1965च्या कायद्याने: देशादेशांचे जुने कोटे गेले, आणि नागरिकाचा नवरा किंवा बायको नव्या मर्यादांच्याही बाहेरच राहिले. मग पुण्यातली एक ओळखीची रीत सुरू झाली. अमेरिकेतला मुलगा तीन आठवड्यांच्या सुटीवर येई, स्थळं आधीच निवडलेली असत, पाहण्याचा कार्यक्रम, साखरपुडा, लग्न एका पंधरवड्यात उरकत. नवरा परत जाई आणि नवी सून कागदांच्या मागे लागे. 1982च्या आशियाई स्पर्धांवरून लोक ज्यांना एशियाड म्हणू लागले त्या निमआराम गाड्यांतून मुंबईला खेपा होत. तेव्हा कॉन्सुलेट ब्रीच कँडीला, वांकानेरच्या महाराजांकडून 1957मध्ये घेतलेल्या लिंकन हाउसमध्ये होतं. भुलाभाई देसाई रस्त्याच्या फुटपाथवर रांग लागे. 2011च्या नोव्हेंबरात ते वांद्र्याला गेलं.

1986मध्ये अमेरिकन काँग्रेसने खोट्या लग्नांविरुद्ध कायदा केला. अशा अर्जांतली 30 टक्के लग्नं संशयास्पद असल्याचा दावा इमिग्रेशन खात्याने केला होता. तो आकडा नंतर टिकला नाही, पण कायदा टिकला. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत गेलेल्याला आता सशर्त ग्रीन कार्ड मिळतं आणि त्याची दोन वर्षं संपण्याआधीच्या 90 दिवसांत दोघांना मिळून पुन्हा अर्ज करावा लागतो. खोटं लग्न शाबीत झालं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड.

मराठी सुनेची खरी अडचण मात्र वेगळीच, आणि ती तांदळाच्या ताटातून आली आहे. लग्नात नवरा सोन्याच्या अंगठीने तांदळात बायकोचं नवं नाव लिहितो. आडनाव तर बदलतंच, कित्येक घरांत पहिलं नावही. मधलं नाव वडिलांचं असतं ते नवऱ्याचं होतं. मग शाळा सोडल्याचा दाखला एका नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या, बँकेचं पुस्तक तिसऱ्या. दोन्ही नावांची बाई एकच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र किंवा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली जाहिरात लागते, मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं लागतात. माहेरचं नाव सोडून देण्याची एवढी जुनी, एवढी हौसेची रीत. तिची किंमत फाइलीत बाईलाच मोजावी लागते, हे खुपतं.

घरी रंगीत तालीम होते. स्थळ कुणी आणलं, साखरपुड्याला किती माणसं होती, दिराचं नाव काय, रोज फोन किती वाजता होतो. आधीपासून ओळख नसलेल्या जोडप्याला ‘प्रेम कसं जुळलं’ याचं उत्तर नसतं. त्यांच्याकडे आई-वडिलांनी पत्रिका जुळवल्याची हकिगत असते, आणि ती जशी घडली तशी सांगणंच बरं. अमेरिकेत अर्ज केलेल्या जोडप्यांत संशय आला, तर दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारतात. मुंबईत सहसा एकट्यालाच उभं राहावं लागतं, काचेच्या खिडकीपाशी. फोटोंत अधिकाऱ्याला नवरा-नवरीइतकीच त्यांच्या मागची माणसं पाहायची असतात: दोन्हीकडचे वडीलधारे आहेत का, मांडव भरलेला आहे का, की फक्त चारच जण हार घालून उभे आहेत.

आणि मग ती मंडळी, ज्यांचं लग्न 1970च्या दशकात वाड्याच्या चौकात लागलं आणि नोंदवायचं कुणाला सुचलंच नाही. अमेरिकन नागरिक झालेला मुलगा वडिलांसाठी अर्ज करतो तेव्हा आई-वडिलांच्या लग्नाचा दाखला मागितला जातो. पंच्याहत्तरीचे आजोबा-आजी क्षेत्रीय कार्यालयात नमुना ड घेऊन बसतात. साक्षीदार म्हणून त्या दिवशी मांडवात असलेलं माणूस शोधावं लागतं. मामा गेलेले असतात, गुरुजी गेलेले असतात. शेवटी आजींच्या धाकट्या बहिणीला आणलं जातं. तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि अक्षतांचं तबक तिच्याच हातात होतं.